४ मिमीचा आयपीस लावला की ग्रह पुसट होतो : दोष कुठे शोधायचा, नवा आयपीस कोणता घ्यायचा

"सर, दुर्बीण बिघडली की काय बगा. काहीच दिसंना गेलंय, नुसतं पांढरं धुकं दिसायलंय."

जानेवारी २०२६ मध्ये अंबाजोगाईजवळच्या एका गावातून हा फोन आला. दिवाळी झाली की असे फोन मला दरवर्षी येतात. माणूस वेगळा, दुर्बीण वेगळी, तक्रार मात्र तीच. या घरात मुलाच्या मामानं वाढदिवसाला ७६/७०० ची परावर्तक दुर्बीण पाठवली होती, म्हणजे आरसा ७६ मिमीचा आणि नाभीय अंतर (आरशापासून उजेड एकत्र येतो तिथपर्यंतचं अंतर) ७०० मिमी. खोक्यावर मोठ्या अक्षरात '५२५ पट'. आत तीन आयपीस, म्हणजे डोळ्याकडची भिंगं (एच २०, एच १२.५, एसआर ४; आकडा त्यांच्या नाभीय अंतराचा, मिमीत) आणि एक प्लास्टिकची ३ पट बार्लो, म्हणजे आयपीसची पट तिप्पट करणारी जोडनळी.

रविवारी गेलो. माळवदावर ट्रायपॉड उभा होता, नळी पुनर्वसूतल्या गुरूकडे होती, नेम बरोबर होता. पोरानं बार्लोत एसआर ४ खोचून ठेवला होता, कारण सगळ्यांत मोठं दिसायला हवं ना! मी दोन्ही काढले आणि एच २० लावून फोकस फिरवला. गुरूची लहानशी, काठ स्वच्छ असलेली चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत चार चंद्र. मुलाच्या आजीनं डोळा लावला आणि म्हणाल्या, "हे तर ओळीनं मांडलेल्या पणत्यावानी दिसायलंय." दुर्बीण बिघडलीच नव्हती.

पुढचं सगळं त्या रात्री मी त्या पोराला सांगितलं तेच आहे, थोडं सविस्तर.

आधी भागाकार

नळीचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर म्हणजे किती पट दिसेल ते. ७०० भागिले २० म्हणजे ३५ पट. ७०० भागिले ४ म्हणजे १७५ पट. त्याला ३ ची बार्लो जोडली की ५२५. खोक्यावरचा आकडा खोटा नाही, फक्त निरुपयोगी आहे. ११४/९०० च्या खोक्यावर ६७५ असतं, तेही याच हिशेबानं.

दुर्बिणीला किती पट झेपेल हे आरशाच्या किंवा पुढच्या भिंगाच्या रुंदीवर ठरतं. दर मिलिमीटरला २ पट ही वरची हद्द, म्हणजे ७६ मिमीला १५० च्या आसपास. तीही उत्तम हवेत आणि उत्तम काचेत. नुसता एसआर ४ लावला तरी ती ओलांडली जाते.

हद्द ओलांडली की काय होतं? आरशानं गोळा केलेला उजेड तेवढाच राहतो आणि तो जास्त जागेवर पसरतो. ३५ पटीवरून १७५ पटीवर गेलात की चित्र पाचपट रुंद आणि पाचपट उंच होतं, म्हणजे एका भाकरीवरचं लोणी पंचवीस भाकऱ्यांवर. ५२५ पटीला तेच लोणी सव्वादोनशे भाकऱ्यांवर जातं. पांढरं धुकं म्हणतात ते हेच. शिवाय ५२५ पटीला दिसणारा आकाशाचा तुकडा इतका चिमुकला असतो की पृथ्वीच्या फिरण्यानं गुरू वीसेक सेकंदांत बाहेर निघून जातो. पोरगं फोकस जुळवेपर्यंत ग्रह गायब, मग "काहीच दिसंना".

"पण लहान दिसतं" या तक्रारीवरही एक हिशेब सांगतो, लोकांचा विश्वास बसत नाही तरी. जानेवारीत गुरूची चकती साधारण ४६ विकलांची होती (एका अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे विकला). ४० पटीनं ती नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढी होते. आयपीसच्या काळ्या वर्तुळात शेजारी मोजायला काही नसतं, म्हणून ती आपल्याला लहान वाटते. गुरू मावळतीकडे असताना चंद्रही आकाशात असेल, तर एक डोळा आयपीसला आणि दुसरा चंद्राकडे उघडा ठेवून बघा.

दोष नेमका कुणाचा

नवा आयपीस मागवण्याआधी एक रात्र यात घालवा. यातलं बरंचसं फुकट आहे.

सगळ्यांत मोठ्या आकड्याचा आयपीस लावा, २० किंवा २५ चा. बार्लो नको, चित्र सुलटं करणारी १.५ पटीची नळीही नको. चंद्र किंवा ठळक तारा धरा. इथेही चित्र पुसट असेल तर आयपीस बहुधा निर्दोष आहे. मग नळीचं पुढचं झाकण पूर्ण निघालंय का ते बघा. (हसू नका. काही झाकणांच्या मधोमध एक छोटं टोपण असतं. तेवढंच काढून महिनाभर बघणारे मला भेटलेत.) खिडकीच्या काचेतून बघत असाल तर बाहेर या.

चित्र २० ला स्वच्छ आणि लहान आकड्याला खराब असेल, तर लहान आकड्याचा आयपीस लावूनच ठळक तारा घ्या आणि फोकस थोडा सोडा. ताऱ्याची फुगलेली थाळी दिसेल. परावर्तकात तिच्या मध्ये काळा ठिपका असतो. तो मधोमध नसून एका कडेला सरकलेला असेल तर आरसे जुळलेले नाहीत. कोलिमेशन करा, म्हणजे आरसे जुळवून घ्या, पैसे वाचवा. थाळी ओढ्याच्या तळाच्या दगडासारखी लहरत असेल तर दोष हवेचा.

हवेबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडे खरा गुन्हेगार बऱ्याचदा हाच असतो. मार्च ते मे आपला स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत ती धग सोडत राहतो. पत्र्यांवरून किंवा शेजारच्या स्लॅबवरून दिसणारा ग्रह उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखा दिसतो. जुन्या माळवदाची माती इतकी छळत नाही. शेतात किंवा माळावर मातीत ट्रायपॉड रोवलात तर तीच दुर्बीण, तोच आयपीस आणि चित्र मात्र वेगळं. घरातून काढलेली नळी बाहेरच्या हवेत अर्धा-पाऊण तास राहू द्या. ग्रह क्षितिजालगत असेल तर थांबा, निदान ३० अंश वर येऊ द्या. लातूरच्या एका गृहस्थांनी मे महिन्यात, रात्री ८ वाजता, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून बघून आयपीस परत पाठवला होता. डिसेंबरात त्यांनी माझा तसलाच आयपीस लावला आणि गप्प झाले.

आता फिरवण्याची परीक्षा. मला सगळ्यांत आवडते ती हीच. तारा फोकसमध्ये असताना त्याला शेपटी किंवा काटे फुटलेले दिसत असतील, तर आयपीस जागच्या जागी हळूहळू गोल फिरवा. काटे आयपीसबरोबर फिरले तर दोष आयपीसचा. आयपीस स्थिर ठेवून आपलं डोकं तिरकं करा. काटे डोक्याबरोबर फिरले तर दोष आपल्या डोळ्याचा, चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर असणाऱ्यांना हे हमखास दिसतं. दोन्ही वेळा हलले नाहीत तर नळीकडे वळा. हीच युक्ती डागांनाही लागू आहे. चंद्रावर काळा ठिपका दिसतो आणि आयपीसबरोबर फिरतो? आयपीसवर कचरा आहे.

थंडीत आणखी एक चोर असतो, तो म्हणजे आपला श्वास. लहान आकड्याच्या आयपीसला डोळा अगदी चिकटवावा लागतो, भिंगावर वाफ धरते आणि "आत्ता दिसत होतं, आता नाही" सुरू होतं. आयपीस खिशात उबदार ठेवा, बघताना श्वास बाजूला सोडा.

आणि शनीबद्दल खास. "कडी दिसत नाही, आयपीस खराब निघाला" असं २०२५ मध्ये कितीजण म्हणाले! मार्च २०२५ मध्ये पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीतून गेली आणि कडी आपल्याला काठानं दिसू लागली. वर्षअखेरीलाही ती सुईसारखीच होती. आता ती हळूहळू उघडत जातील. त्यात काचेचा काय दोष?

खोक्यातल्या आयपीसचं काय करायचं

अक्षरं बघा. 'एच' म्हणजे हायगेन्स. शनीचा टायटन शोधणाऱ्या त्याच क्रिस्टियान हायगेन्सची सतराव्या शतकातली रचना, दोन सुट्या भिंगांची. तुमची नळी लांब, म्हणजे एफ/९ किंवा एफ/१० (नाभीय अंतर रुंदीच्या नऊ-दहा पट) असेल तर एच २० वाईट नाही. खिडकी, म्हणजे आत दिसणारं गोल दृश्य, अरुंद आहे, एवढंच. 'एसआर' हा रॅम्सडेनचा प्रकार, आणि ४ मिमीच्या रूपात तर छळच. भोक सुईच्या नेढ्याएवढं, पापणी काचेला घासते, कडांना रंग. 'के' म्हणजे केलनर, हा बराच बरा. 'पीएल' म्हणजे प्लॉसल. व्हिएन्नाच्या गेऑर्ग सिमॉन प्लॉसलनं १८६० मध्ये केलेली चार भिंगांची रचना, दोन-दोनच्या जोड्या. आजही पहिला आयपीस म्हणून मी डोळे झाकून हाच सांगतो.

प्लास्टिकची ३ पट बार्लो कपाटात टाका. चित्र सुलटं करणारी नळीही तिथेच. आकाशात उलटं-सुलटं काही नसतं.

एक वस्तू मात्र कपाटात नको, हातोड्यानं फोडून टाका : जुन्या लहान दुर्बिणींबरोबर येणारी, आयपीसला खालून फिरवून बसवायची काळी 'सन' फिल्टर. नळीनं एकवटलेली सगळी उष्णता तिच्यावर पडते आणि ती बघता बघता तडकते. तेव्हा डोळा तिथेच असतो. सूर्यासाठी फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडालाच, आणि तीही खास सूर्यासाठी बनवलेली.

नवा घेताना

आधी जाडी. आयपीसचा जो भाग फोकसरमध्ये (नळीवर आयपीस बसवायच्या, फोकस फिरवायच्या तोंडात) जातो त्याचा बाहेरचा व्यास पट्टीनं मोजा. ३१.७ मिमी आला तर सव्वा इंची, आजचा सर्वसाधारण माप. २४.५ मिमी आला तर जुना ०.९६५ इंची. या मापात चांगले आयपीस आता जवळजवळ मिळत नाहीत, तेव्हा सव्वा इंचीचा अडॅप्टर शोधा. हे न मोजता मागवून मग चिकटपट्टी गुंडाळत बसलेले लोक मी पाहिलेत. गुंडाळून जाड करता येतं, बारीक करता येत नाही.

मग आकडा. इथे माझा एक ठोकताळा आहे. नळीचं नाभीय अंतर भागिले रुंदी म्हणजे एफ आकडा. ग्रहांसाठी पहिला आयपीस जवळपास त्या एफ आकड्याएवढ्याच मिलिमीटरचा घ्या. अशा वेळी डोळ्यात शिरणारा झोत सुमारे १ मिमी जाड असतो आणि पट दर मिलिमीटरला एक, म्हणजे हद्दीच्या निम्मी. ७६/७०० चा एफ आकडा ९.२, तेव्हा ९ किंवा १० मिमी; ७० ते ७८ पट मिळते. ११४/९०० साठी ८. १३०/६५० हा एफ/५, तिथे ५ किंवा ६. २०० मिमीच्या डॉब्सनला (जमिनीवरच्या पेटीवर फिरणारी परावर्तक) १२०० चं नाभीय अंतर असतं, एफ/६, पण तिथे ६ मिमीला २०० पट होतात आणि आपली हवा ते रोज देत नाही. म्हणून त्याला आधी ८ चा घ्या, १५० पट. एफ आकड्याच्या निम्म्याहून लहान मिलिमीटरचा आयपीस कुणी फुकट दिला तरी नको.

दुसरा आयपीस मोठ्या आकड्याचा, आणि मराठवाड्यात राहणाऱ्यानं यात कंजुषी करू नये. बालाघाटाच्या माळावर, गावापासून चार-पाच किलोमीटर आत गेलं की जो अंधार मिळतो, त्यासाठी पुण्या-मुंबईचे लोक गाड्या काढून येतात. या अंधारात पट लागत नाहीत, रुंद खिडकी लागते. ३२ मिमीचा प्लॉसल सव्वा इंची नळीतून मिळू शकणारं जवळजवळ सगळं आकाश देतो. ४० चा घेतला तर पट कमी होतात पण आकाश वाढत नाही, कारण नळीचा काठच आडवा येतो. तेव्हा ४० वर पैसे घालू नका. ३२ मिमी ७०० च्या नळीवर २२ पट देतो, सव्वादोन अंशांचं आकाश. कृत्तिकांचा अख्खा झुबका त्यात मावतो. मृगातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिका, मे महिन्यात वृश्चिक आणि धनूतला सगळा माल. आपण १८-१९ अक्षांशावर आहोत म्हणून ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ आपल्याला दक्षिणेला २४ अंशांपर्यंत वर येऊन भेटतो. युरोपातल्या बहुतेक हौशींना तो दिसतच नाही. मेच्या मध्यावर रात्री १० च्या सुमारास दक्षिणेला नळी लावा, दक्षिणेकडे शहर नाही अशी जागा निवडून. कमी पटीत तो पिठाच्या चिमटीसारखा दिसतो.

एवढे दोन झाले की थांबा. वर्षभरानं वाटलं तर बार्लो, २ पट आणि काचेची. तिनं ३२ चा १६ होतो आणि १० चा ५. चकचकीत पेटीत पाच आयपीस आणि सात रंगांच्या काचा मिळतात त्या पेट्यांबद्दल माझं मत कडवट आहे : त्यातले दोनच वापरले जातात.

नळी छोटी आणि तोंड रुंद, म्हणजे एफ/५ च्या आसपास असेल तर एक अडचण वेगळी येते. स्वस्त आयपीसमध्ये मधले तारे टोकदार आणि कडेचे पंख फुटल्यासारखे दिसतात. एफ/९ च्या नळीत तोच आयपीस गुणी वाटतो, कारण तिथे प्रकाशाचे किरण कमी तिरके येतात. म्हणून मित्राच्या दुर्बिणीत बघून "हाच घ्यायचा" असं ठरवण्याआधी त्याच्या नळीचा एफ आकडा विचारा. सोनेरी पट्टीचे, ६६ अंशांची खिडकी असलेले जे आयपीस वेगवेगळ्या नावांनी मिळतात, त्यातले ६ आणि ९ मिमीचे एफ/५ मध्येही चांगले चालतात. १५ आणि २० चे कडेला निराश करतात. मात्र परावर्तकात कडेचा थोडा दोष आरशाचाच असतो. नळी जेमतेम हात-दीड हात लांब आणि तिच्यावर नाभीय अंतर १००० लिहिलेलं असेल, तर फोकसरमध्ये आधीच एक भिंग बसवलेलं आहे. अशा दुर्बिणीला महागडा आयपीस लावून फारसा फरक पडत नाही. वाईट वाटतं, पण खरं आहे.

चष्मेवाल्यांनी डोळा आणि भिंग यांच्यातलं अंतर विचारल्याशिवाय काही घेऊ नये. प्लॉसलमध्ये ते आकड्याच्या साधारण सत्तर टक्के असतं. १० मिमीला ७ मिमी, म्हणजे चष्मा बाद. चष्मा लावूनच बघायचं तर १५ मिमीहून जास्त हवं. पण साधा जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढा आणि फोकस फिरवा, दुर्बीण तो नंबर भरून काढते. सिलिंड्रिकल नंबर मोठ्या आकड्याच्या आयपीसला त्रास देतो. १ मिमीच्या बारीक झोतात तो बहुतेकांना जाणवत नाही.

झूम आयपीस, ८ ते २४ मिमीचा? शाळेसाठी घ्या. चाळीस पोरं रांगेत असताना आयपीस बदलत बसता येत नाही. स्वतःसाठी मी घेतला नाही, कारण २४ ला, नेमकी जिथे खिडकी रुंद हवी तिथे, ती अरुंद होते.

दुकानात हातात घेतलात तर ट्यूबलाइटखाली तिरका धरून भिंगातली प्रतिबिंबं बघा. कोटिंग असेल तर ती हिरवट-जांभळट दिसतात, नसेल तर पांढरीफेक. पांढरी असतील तर ठळक ग्रहाशेजारी भुताटकीसारखा दुसरा पुसट ग्रह दिसेल, डोळा हलवला की पळणारा.

बिघडवू नये म्हणून

मी स्वतः एक २५ चा प्लॉसल मारला आहे. ज्वारीच्या खळ्याशेजारी बसून बघितलं, आत धूळ गेली असं वाटलं, आणि घरी येऊन त्याची कडी फिरवून चारही काचा ताटात ओतल्या. परत बसवताना एक जोडी उलटी बसली. दोन्ही जोड्यांचे फुगीर अंग समोरासमोर हवेत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मग पंधरा दिवस मी आरसा जुळवत होतो, दुर्बिणीला शिव्या देत होतो. आयपीस उघडू नका. आतले चार कण चित्रात दिसतही नाहीत. वरची धूळ रबरी फुग्यानं उडवा. आपल्या काळ्या मातीच्या धुळीत बारीक खडे असतात. उपरण्यानं किंवा सदऱ्याच्या टोकानं पुसलंत की कोटिंगवर ओरखडे. पावसाळ्यात आयपीस चामडी पाकिटात ठेवू नका, बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी काचेवर पसरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरेत.

अंबाजोगाईजवळच्या त्या पोरानं शेवटी १० चा प्लॉसल मागवला, ३२ चा दिवाळीला घेणार आहे. त्याच्या बापाचा प्रश्न वेगळा होता, "मग ह्या जुन्याचं काय करावं?" माझ्याजवळचा जुना के २० त्यांना दिला आणि उलटा धरून कापसाच्या पानामागचा मावा दाखवला. १२ पटीच्या वर दिसतो, पाय मोजता येतात. एच अक्षराच्या आयपीसनं हे जमत नाही, त्याचं चित्र दोन भिंगांच्या मध्ये पडतं. के किंवा पीएल हवा. आता तो आयपीस त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतो.